पत्रास कारण की : इमर्सनचा सातबारा

मागच्या अंकात इमर्सन, थोरो, व्हिटमन आणि एमिली डिकिन्सन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मंडळींच्या निसर्गकवितेवर मी लिहिलं होतं. कौतुकाची पत्रं जपून ठेवली आहेत. इथे शंकांची आणि भांडणाची घेते.

प्रश्न : बाई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला तलाठी. आमच्या व्याख्यानमालेत एका वक्त्यांनी ठासून सांगितलं, की इमर्सन आणि त्याच्या मित्रांनी सगळं आपल्या गीता-उपनिषदांतून उचललं, निसर्गप्रेमसुद्धा. तुम्ही तसं कुठेच लिहिलं नाहीत. का? – एक वाचक, कराड

उत्तर : भाऊसाहेब, तारीख नसलेला फेरफार तुम्ही नोकरीत कधी मंजूर केला असतात का? मग इथेही तारखा बघू.

१८२१ साली इमर्सन हार्वर्डमध्ये शिकत होता, अजून अठराही पूर्ण नव्हता. तेव्हा त्याने हिंदुस्थानातल्या अंधश्रद्धांवर एक लांबलचक कविता लिहून कॉलेजच्या कार्यक्रमात सादर केली. तिच्यात आपल्याबद्दल आदराचा एक शब्द शोधून दाखवावा. १८३२ मध्ये त्याने बोस्टनच्या चर्चमधली धर्मोपदेशकाची नोकरी सोडली. येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि वाइन देण्याचा विधी करायला त्याचं मन घेईना. पुढच्या वर्षी तो पॅरिसला गेला. तिथल्या वनस्पती उद्यानातले आणि संग्रहालयातले पक्षी, शिंपले, प्राणी बघून इतका हलला, की ‘मी निसर्गअभ्यासक होणार’ असं त्याने डायरीत लिहिलं. इंग्रज कवी कोलरिज वाचला, त्याच्यामार्फत जर्मन तत्त्वज्ञान वाचलं. आणि १८३६ च्या सप्टेंबरात ‘नेचर’ हे छोटं पुस्तक छापलं, स्वतःचं नाव न घालता. माणसाला देवाकडे जायला ग्रंथ आणि पुरोहित लागत नाहीत, समोरचं जंगल पुरतं, हा त्या पुस्तकाचा गाभा. त्याच महिन्यात समविचारी मित्रांची मंडळीही जमायला लागली. लोक त्यांना चेष्टेने ‘ट्रान्सेन्डेंटलिस्ट’, म्हणजे पलीकडचं बघणारे, म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं.

गीतेबद्दल त्याने एका फ्रेंच प्राध्यापकाच्या व्याख्यानांतून १८३१ मध्येच वाचलं होतं. पण चार्ल्स विल्किन्सचा १७८५ चा इंग्रजी अनुवाद हातात घेऊन गीता नीट वाचली ती १८४५ मध्ये. म्हणजे ‘नेचर’ छापून नऊ वर्षं झाल्यावर. आणि त्या वर्षी एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तो आनंदाने काय म्हणतो? ‘बौद्ध धर्माचा तो सुप्रसिद्ध ग्रंथ’ आपल्याला मिळाला! गीता, आणि बौद्ध धर्माची. तुमच्या वक्त्यांना हे अवश्य कळवा.

त्याने घेतलं नाही असं मात्र मी म्हणत नाही. उघडपणे घेतलं. १८५७ च्या नोव्हेंबरात ‘अटलांटिक मंथली’ या मासिकाचा पहिला अंक निघाला, त्यात त्याची ‘ब्रह्म’ ही कविता आहे. मारणाऱ्याला वाटतं मी मारतो, मरणाऱ्याला वाटतं मी मेलो, दोघांनाही माझ्या वाटा कळलेल्या नाहीत, अशी तिची सुरुवात. आपल्याकडच्या कुणालाही लगेच गीतेचा दुसरा अध्याय आठवेल : ‘य एनं वेत्ति हन्तारं’. पण ओळीची ठेवण बघितली तर ती कठोपनिषदाच्या अधिक जवळ आहे : ‘हन्ता चेन्मन्यते हन्तुं हतश्चेन्मन्यते हतम्’. कठोपनिषद तो वर्षभर आधी वाचत होता. अमेरिकन वाचकांना त्या कवितेतलं काहीही कळलं नाही आणि वर्तमानपत्रांत तिच्या विडंबनांचा पाऊस पडला. यावर इमर्सन मुलीला म्हणाला म्हणे, की ब्रह्माच्या जागी यहोवा, म्हणजे बायबलमधला देव, म्हणा, मग गोंधळ होणार नाही.

पण तुम्ही तलाठी, म्हणून तुम्हाला मी ‘ब्रह्म’ नाही, ‘हॅमट्रेया’ वाचा म्हणेन. ती सातबाऱ्याची कविता आहे.

विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशाच्या शेवटी पराशर मैत्रेयाला पृथ्वीचं गाणं ऐकवतो. राजे येतात, ‘ही भूमी माझी, माझ्या मुलाची, माझ्या वंशाची’ म्हणतात आणि जातात. त्यांना स्वतःला जिंकता येत नाही आणि पृथ्वी जिंकायला निघाले, म्हणून शरदातल्या फुलांनी ती हसते. विल्सनचा इंग्रजी अनुवाद १८४० मध्ये लंडनला निघाला. इमर्सनने हा उतारा १८४५ मध्ये आपल्या वहीत उतरवून घेतला आणि राजांच्या जागी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आपल्या कॉन्कर्ड गावचे शेतकरी बसवले. कवितेची पहिली ओळ म्हणजे नुसती खातेदारांची यादी : बल्कली, हंट, विलर्ड, हॉस्मर, मेरियम, फ्लिंट. तिसऱ्या ओळीत पीकपाणी : गवत, मका, कंदमुळं, अंबाडी, जवस, सफरचंदं, लोकर, लाकूड. मग एकेकजण आपल्या शेतातून चालत म्हणतो, हे माझं, माझ्या मुलांचं, माझ्या नावाचं. माझ्याच झाडांतून वारा किती गोड वाजतो! एकाला गुरांना चरायला आणखी तुकडा हवा, एकाला चिकणमातीची खाण हवी. फुलांतून हसणारी पृथ्वी जशीच्या तशी आहे, फक्त आता ती नांगर वळवता येणाऱ्या, पण स्वतःची पावलं थडग्यापासून वळवता न येणाऱ्या पोरांना हसते.

मग पृथ्वी गाते. तिच्या गाण्यात चक्क वकिलाचं खरेदीखत आहे, ‘त्यांना व त्यांच्या वारसांना, निरंतर’ अशा भाषेतलं. जमीन इथेच आहे, पण वारस कुठे आहेत? ते मला धरून ठेवू शकले नाहीत, मीच त्यांना धरून आहे, मग मी त्यांची कशी? शेवटच्या चार ओळींत कवी एवढंच म्हणतो, की हे गाणं ऐकलं आणि माझी हाव थंड पडली.

इथे एक मजा आहे. यादीतलं पहिलं नाव, बल्कली, हा १६३५ मध्ये कॉन्कर्ड वसवणाऱ्यांपैकी एक, आणि इमर्सनचा स्वतःचा पूर्वज. आणि पृथ्वीचं हे गाणं वहीत उतरवण्याच्या आदल्याच वर्षी, १८४४ मध्ये, इमर्सनने वॉल्डन तळ्याकाठी एकरी ८ डॉलर १० सेंट दराने जमिनीचा तुकडा खरेदी केला होता. म्हणजे टोमणा आधी घरच्यांना आणि मग स्वतःला. मला ही कविता ‘ब्रह्म’पेक्षा कितीतरी मोठी वाटते ती यासाठी. ‘ब्रह्म’ मध्ये तो आपल्या ऋषींसारखा बोलून बघतो. ‘हॅमट्रेया’त त्याने पुराणाला मॅसॅच्युसेट्सच्या शेतात कामाला लावलं. उसनं घेणं म्हणायचं तर हे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बल्कलीच्या आधी त्या जमिनीला मस्केटाक्विड म्हणत आणि तिथे मूळ रहिवासी मासे पकडत, मका लावत. खातेदारांच्या यादीत त्यांचं नाव नाही. मालकी खोटी ठरवणारी कवितासुद्धा गोऱ्यांच्या पहिल्या नोंदीपासूनच सुरू होते.

प्रश्न : मॅडम, एम. ए. च्या पेपरला ‘ट्रान्सपरंट आयबॉल’वर टीप येते. गाइडमध्ये ‘आत्मा व परमात्म्याचे मिलन’ असं दिलंय. तेवढं पुरेल का? – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : गुण मिळायला पुरेल. कळायला पुरणार नाही.

‘नेचर’ मधला तो परिच्छेद आधी शांतपणे वाच. इमर्सन कुठे उभा आहे? हिमालयात नाही, धबधब्यापाशी नाही. गावाच्या उघड्या मैदानातून जातोय, पायाखाली बर्फ वितळून झालेली डबकी, तिन्हीसांज, आभाळ भरलेलं. मनात काही विशेष चांगलं घडल्याचा विचारही नाही. आणि अशा रटाळ जागी त्याला एवढा आनंद होतो की तो भीतीच्या काठावर जाऊन पोचतो. पुढे रानात गेल्यावर तो म्हणतो, मी पारदर्शक डोळा झालो, मी कुणीच नाही, मला सगळं दिसतं.

आता त्याचं घर बघ. पहिली बायको एलेन १८३१ मध्ये क्षयाने गेली. धाकटा भाऊ चार्ल्स १८३६ च्या मे महिन्यात गेला, म्हणजे पुस्तक छापून यायच्या चार महिने आधी. त्याच पानावर तो लिहितो, की डोळे शाबूत असतील तर असं कुठलंच संकट नाही जे निसर्ग भरून काढू शकणार नाही. गाइडवाल्याला हे वाक्य आशावादी वाटतं. मला ते दात आवळून लिहिलेलं वाटतं. ‘मी कुणीच नाही’ यात ज्याचं दुःख आहे तो ‘मी’ही काही वेळ बाजूला होतो, हे टीपेत लिही. तपासनीस दचकेल, पण गुण कापणार नाही.

आणि हसायचं असेल तर क्रिस्टोफर क्रँच या त्याच्याच गोटातल्या कवीने काढलेलं व्यंगचित्र शोध. हॅट घातलेला एक भलामोठा डोळा लांबलचक काटकुळ्या पायांवर माळावरून चाललाय. त्या काळात या लोकांची चेष्टा त्यांच्याच मित्रांनी सगळ्यात चांगली केली.

प्रश्न : थोरो ढोंगी होता असं माझं स्पष्ट मत आहे. जंगलात राहिला म्हणतात आणि जेवायला आईकडे जायचा. – एक वाचक, ठाणे

उत्तर : जायचा. मी तुम्हाला आणखी दारूगोळा पुरवते. १८४४ च्या एप्रिलमध्ये मासे शिजवायला पेटवलेल्या त्याच्या विस्तवातून कॉन्कर्डचं शेकडो एकर रान जळलं. झोपडी बांधली ती जमीन इमर्सनची, वर सांगितली तीच खरेदी. तळं गावापासून दीड मैलावर आणि काठावरून आगगाडी जाते. मुलीकडे बोस्टनला गेले होते तेव्हा बघून आले. आजही लोकल त्याच रुळांवरून धडधडत जाते, आणि उन्हाळ्यात तिथे पोहायला एवढी गर्दी असते की गाडी लावायला जागा मिळत नाही. झोपडीची प्रतिकृती वाहनतळाजवळ आहे. खरी जागा थोडं चालून गेल्यावर लागते, चार बाजूंनी दगडी खांब रोवलेली.

पण त्याने एकांतवासाचा दावा केव्हा केला? त्याच्याच ‘वॉल्डन’ पुस्तकात आहे की एक-दोन दिवसाआड मी गावात गप्पा ऐकायला जातो, आणि घरात तीन खुर्च्या आहेत, तिसरी लोक आले तर. ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ एवढाच काळ तो तिथे राहिला, आणि झोपडीचा हिशेबही छापला : २८ डॉलर साडेबारा सेंट. ढोंगी माणूस साडेबारा सेंट लिहीत नाही, ठाणेकर.

त्याच्या कविता मात्र थोड्या आणि बऱ्याचशा कोरड्या. ‘धूर’ नावाची छोटी कविता अपवाद. चुलीचा धूर त्याला पहाटे वस्तीला घरटं समजून तिच्यावर घिरट्या घालणारा, गाणं नसलेला पक्षी वाटतो. शेवटी त्या धुरालाच तो सांगतो, वर जा आणि या स्वच्छ ज्योतीबद्दल देवांकडे क्षमा माग. त्याची खरी कविता गद्यात आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांनी शंभर आयरिश मजूर लावून वॉल्डनचं बर्फ कापलं. बोस्टनचं बर्फ तेव्हा जहाजांनी थेट मुंबई, मद्रास, कलकत्त्याला यायचं. थोरो लिहितो, की मुंबईचे घामेजलेले लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात, मी सकाळी गीतेत बुद्धीला आंघोळ घालतो, आणि वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळतं. काय सुरेख! आणि मग हाच गृहस्थ प्रामाणिकपणे नोंदवतो, की त्या ढिगातलं बरंचसं बर्फ कुठे गेलंच नाही. तिथेच पडून १८४८ च्या सप्टेंबरात वितळलं आणि तळ्याला परत मिळालं.

प्रश्न : व्हिटमनला निसर्गकवी कसं म्हणता? त्याच्या कवितेत बोटी, सुतार, गर्दी आणि तो स्वतः. विशेषतः तो स्वतः. – एक वाचक, पणजी

उत्तर : ‘तो स्वतः’ हे अगदी खरं. १८५५ मध्ये ब्रुकलिनला त्याने ‘लीव्ज ऑफ ग्रास’ स्वखर्चाने छापलं, छपाईचे थोडे खिळे स्वतः जुळवले, मुखपृष्ठावर नाव घातलं नाही पण आत स्वतःचं चित्र घातलं. इमर्सनने कौतुकाचं खाजगी पत्र पाठवलं तर पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं वाक्य सोनेरी अक्षरांत छापून मोकळा झाला. विचारायचं कशाला!

पण गवताचा तो भाग वाचा. एक लहान मूल दोन्ही मुठी भरून गवत आणतं आणि विचारतं, हे काय आहे? कवी म्हणतो, मला काय ठाऊक, तुझ्याइतकंच मला ठाऊक. मग अंदाज करत सुटतो. माझ्या स्वभावाचा झेंडा असेल. देवाने मुद्दाम खाली टाकलेला रुमाल असेल, कोपऱ्यात मालकाचं नाव असलेला. गवत स्वतःच झाडाचं मूल असेल. गोऱ्यांत आणि काळ्यांत सारखंच उगवणारी एकच लिपी असेल. हे १८५५ मध्ये, गुलामगिरी चालू असलेल्या देशात. आणि मग अचानक : थडग्यांचे न कापलेले सुंदर केस असतील. इमर्सनला निसर्गातल्या वस्तूचा अर्थ लागतो. व्हिटमनला पाच-सहा अर्थ लागतात आणि त्यातला एकही तो पक्का करत नाही. ‘स्वतःचं गाणं’ संपवताना तो म्हणतो, मी मातीत जातो, मला आवडणाऱ्या गवतातून उगवीन, मी पुन्हा हवासा वाटलो तर बुटाच्या तळव्याखाली शोधा. हा निसर्गकवी नाही तर कोण?

कराडच्या भाऊसाहेबांनी हेही वाचावं : १८५६ च्या नोव्हेंबरात थोरो ब्रुकलिनला व्हिटमनला भेटायला गेला. तुमचं पुस्तक पौर्वात्य ग्रंथांसारखं आहे, तुम्ही ते वाचलेत का, असं त्याने विचारलं. व्हिटमन म्हणाला, ‘नाही. तुम्हीच सांगा त्यांच्याबद्दल.’

प्रश्न : आमचं घर कुडाळजवळ, पावसाळ्यात परसात साप नेहमीचेच. निसर्ग म्हणजे शांती असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. तुमच्या अमेरिकनांत कुणी घाबरणारं आहे का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आहे, ताई, आणि तीच मला सगळ्यांत जास्त आवडते.

एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) मॅसॅच्युसेट्समधल्याच अ‍ॅमहर्स्टची. बाग तिच्या हातची. शाळकरी वयात तिने वाळवलेल्या ४२४ फुलापानांची वही हार्वर्डमध्ये जपून ठेवली आहे. म्हणजे झाडंझुडपं तिला इमर्सनपेक्षा जवळून माहीत. इमर्सनच्या कविता तिला १८५० मध्ये भेट मिळाल्या होत्या. १८५७ मध्ये तो व्याख्यानाला आला तेव्हा शेजारीच, तिच्या भावाच्या घरी उतरला होता. पुढे १८७८ मध्ये तिची एक कविता नाव न देता एका संग्रहात आली, तर लोकांना ती इमर्सनचीच वाटली.

पण सापाची कविता इमर्सनला लिहिता आली नसती. गवत मधोमध दुभंगतं, जणू कंगव्याने, ठिपक्यांची काठी दिसते, गवत पायाशी मिटतं आणि पुढे पुन्हा उघडतं. साप हा शब्द ती वापरत नाही. त्याला दलदलीची, मक्याला फार थंड पडेल अशी जमीन आवडते, हे मात्र सांगते. बोलणारा अनवाणी पोरगा उन्हात चाबकाची वादी पडलीय समजून उचलायला वाकतो, तर ती आकसते आणि नाहीशी होते. तो म्हणतो, निसर्गातल्या बऱ्याच मंडळींशी माझा घरोबा आहे, पण या गड्याला भेटलो की श्वास आखडतो आणि हाडात शून्य उतरतं. परसातून कंदील घेऊन गेलेल्या कुणालाही ते शून्य समजावून सांगावं लागत नाही. १८६६ मध्ये एका वर्तमानपत्राने ती कविता तिला न विचारता ‘साप’ असं शीर्षक देऊन छापली. सगळी गंमत घालवली. तिसऱ्या ओळीत विरामचिन्ह भलतं टाकलं म्हणून तीही चिडली होती.

विहिरीवरच्या कवितेत ती सरळच म्हणते, की निसर्ग अजून परकाच आहे, त्याची वचनं जे उठताबसता देतात ते त्याच्या झपाटलेल्या घरावरून कधी गेलेले नसतात, आणि जवळ जावं तसा तो कमी कळतो. हा टोला इमर्सन आणि कंपनीला आहे असं मी वर्गात सांगायची, आजही सांगते. पुढच्या शतकात अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टने हेच भांडण चालू ठेवलं. १९४२ च्या संग्रहातल्या त्याच्या एका कवितेत माणूस तळ्याकाठी उभा राहून हाका मारतो. स्वतःचा प्रतिध्वनी नको, कुणाचं तरी उत्तर हवं म्हणून. पलीकडून पाणी कापत येतं एक मोठं हरीण, ठिबकत काठावर चढतं आणि झुडपं तुडवत निघून जातं. बस, एवढंच.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? इंग्रजी बेताचं आहे. – एक वाचक, परभणी

उत्तर : दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणलं आहे, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. ग्रंथालयात विचारा. इंग्रजीत डिकिन्सन घ्या. शब्द कमी, ओळी आखूड, रोज एक कविता आरामात होते. व्हिटमन मोठ्याने वाचायचा, कोश बाजूला ठेवून. इमर्सनच्या कवितांत आधी ‘हॅमट्रेया’, ‘ब्रह्म’ नंतर. इमर्सन, थोरो, व्हिटमन यांच्या मूळ इंग्रजी लिखाणावर आणि डिकिन्सनच्या जुन्या आवृत्त्यांवर आता स्वामित्वहक्क नाही, नेटवर फुकट मिळतं. गाइड विकत घेऊ नका.